अर्धा पेला

“पुडी खाली ठेव,” मी म्हणाले. “माझ्या टोपात मसाल्याला दुसऱ्याचा हात चालत नाही.”

इस्कोलास थबकली. हातात कागदाची पुडी, पुडीत दालचिनी, आणि तोंडावर ते गोड हसू, जे बघितलं की मला आपल्या घराच्या कड्या तपासाव्याशा वाटतात. इस्कोलास म्हणजे माझी विहीण, माझ्या जसिंताची सासू.

“अगं विहीणबाई, चिमूटभर जास्त पडली तर काय बिघडतंय? आज पोरांचं गोड व्हायचंय. काढापण गोड होऊ दे.”

“दालचिनीने माणसं गोड होत असती तर तुझ्या घरी मी पोतं पाठवलं असतं. ठेव खाली.”

तिने पुडी ठेवली, पण हसू काही खाली ठेवलं नाही. काखेत कापडाचं गाठोडं होतं, ते तिने मला दिसेल असं पुढे धरलं. नवी साडी होती, डाळिंबी रंगाची. पोरीला घेऊन जायला आली होती, साडी नेसवून. आणि ही गोष्ट मला, पोरीच्या आईला, तिच्या काखेतल्या गाठोड्यावरून कळली!

ऑक्टोबरातला आगेराचा, सुगीच्या सणाचा, रविवार होता. सकाळी नव्या भाताच्या लोंब्या देवळात आशीर्वादाला नेल्या होत्या, आणि दुपारी आमच्या बोरभाट आळीत, क्रुसासमोरच्या अंगणात, तीन दगडांवर तांब्याचा टोप चढला होता. वसईच्या बाकी गावांत आगेराला कोण काय पितं ते मला माहीत नाही. आमच्या आळीत काढा होतो. पावसाच्या तोंडाशी जांभळं पडतात, त्यांची वाईन मी बरणीत घालते, ती आगेरापर्यंत धरते. आळीतलं एकेक घर आपल्या वाडीतलं फळ आणतं आणि आपल्या हाताने टोपात सोडतं. कुणाचा अननस, कुणाची आंबट करमळं, कुणाची सुकवलेली केळी. गवती चहा, आलं, दालचिनी, लवंग, जायफळ आणि गूळ घालून ती फळं रटरटतात. मग लाकडं ओढायची, नुसते निखारे ठेवायचे, आणि सगळ्यांत शेवटी वाईन ओतायची. वाईन उकळली की मेली.

टोप आमच्या घराचा. ओगराळंही आमच्या घराचं, पितळी, हातभर लांब, रिकामं उचललं तरी मनगटाला कळ लागेल असं. ते सासूकडून माझ्याकडे आलं आणि माझ्याकडून सुनेकडे जायचं होतं, पण त्याला वेळ होता. मी जिवंत असताना ते कुणी माझ्या हातातून घेईल, असा माणूस आळीत जन्मला नव्हता. ओगराळं एकदा दिलं की परत मागता येत नाही, आणि ते ज्या हातात, तो हात आमच्या घरचा. आणि ज्या बाईच्या हातात ते असेल तिने चाखून “लागलं” म्हटल्याशिवाय गावच्या पाटलानेसुद्धा पेला पुढे करायचा नाही. ती स्वतः सगळ्यांत शेवटी पिते, आपल्या पेल्यातून. ओगराळ्याच्या बाईने कुणाचं उष्टं घ्यायचं नाही, घेतलं तर टोपाचा मान गेला. मला हा मान आवडायचा. खोटं कशाला बोलू?

आणि उष्ट्यावरूनच त्या दिवशी सगळं पेटलं होतं.

आमच्या आळीत नवराबायकोचं, भावाभावाचं वाजलं की ते आगेराच्या काढ्यावर मिटवतात. दोघांना क्रुसासमोर उभं करायचं. एकच पेला भरायचा. अर्धा त्याने प्यायचा, उरलेला अर्धा तिने. पेला रिकामा झाला की भांडण मेलं. त्यानंतर त्या गोष्टीचा उच्चार कुणी करायचा नाही, घरात नाही, दारात नाही, मरेपर्यंत नाही. पेला संध्याकाळच्या आंजेल-प्रार्थनेच्या घंटेच्या आत प्यायचा. आणि ज्या घराने पेला नाकारला, त्या घराचं फळ पुन्हा टोपात पडायचं नाही.

माझी पोर भाताच्या लावणीच्या दिवसांत माहेरी आली होती. चिखलातून, पायांत चप्पल नाही, उजवा हात ओढणीत बांधलेला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. त्या दुपारी ती माझ्या मागे पाटावर बसून पपनस सोलत होती, डाव्या हाताने. उजव्याने फळ नुसतं मांडीवर दाबून धरलेलं. साल तुटत तुटत येत होती.

“तुला माहीत होतं?” इस्कोलास पाठमोरी झाल्यावर मी तिला विचारलं.

“पापांनी सांगितलं. मिसा संपल्यावर.”

“कोणी ठरवलं?”

“बस्त्यावकाका आणि पापा. देवळाच्या पायरीवर. ग्रेगर पण होता.”

“म्हणजे टोप माझा, वाईन माझी, पोर माझी, आणि ठरवलं तिघा पुरुषांनी, उन्हात उभं राहून, बिड्या ओढत.”

“आय, हळू.”

“तुला जायचंय?”

तिने पपनसाची फोड सोलून टोपाकडे सरकवली. “जायचंय का, ते सोड. मी नाही म्हटलं तर उद्यापासून आपलं फळ टोपात नाही. टोप दुसऱ्या घरी जाईल. तू काय करशील मग? लोकांच्या टोपाकडे बघत उभी राहशील? मी पिते, आय. एक घोट तर आहे.”

हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलं असतं तर मला कमी राग आला असता. ती फळाकडेच बघत होती. माझ्या मानासाठी माझी पोर पुन्हा त्या घरात जायला निघाली होती! मला वाटलं, टोपाखालचं पेटतं लाकूड उचलावं आणि देवळाच्या पायरीवर जाऊन एकेकाला विचारावं.

तेवढ्यात बस्त्याव आले. आमच्या यांचे थोरले चुलतभाऊ, आळीचे शहाणे. पांढरा सदरा, डोक्याला तेल, आणि चालणं असं की रस्त्याने यांना आधी विचारूनच वळण घेतलं असावं.

“काय आनामारी, लागला का काढा?”

“अजून वाईन पडली नाही, दादा. तुम्हाला घाई कसली?”

“घाई नाही, पण आज शुभ काम आहे. कळलं असेल तुला.”

“कळलं. गाठोड्यावरून.”

त्यांनी ते ऐकलं नाही. न ऐकण्यात त्यांचा हात कोण धरणार? “हे बघ, भांड्याला भांडं लागतंच. कुणाच्या घरात लागत नाही?”

“भांड्याला भांडं लागलं तर आवाज होतो, दादा. मनगट मोडत नाही.”

“रागाच्या भरात होतं माणसाचं. पोरगा कबूल करतोय. सगळ्यांसमोर यायला तयार आहे. आणखी काय पाहिजे तुला? पोरीला काय जन्मभर चुलीशी बसवणार?”

“माझ्या चुलीशी बसली तर तिचे हात तरी शाबूत राहतील.”

“तोंड सांभाळ,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, जणू मला भेटच देताहेत अशा थाटात, “आगेराचा दिवस आहे. तू चाखशील, लागलं म्हणशील, पहिला पेला त्या दोघांचा. झालं.”

जावई ग्रेगर मागेच होता. उंच, गोरा, केसांना भांग. त्याच्याविषयी एक सांगायला हवं, तो कधी मोठ्याने बोलायचा नाही. बाजारात, देवळात, बसमध्ये, सगळीकडे माणसं म्हणायची, आनामारी, जावई मिळवावा तर असा. पेला प्यायला येणाऱ्यानेही आपलं फळ आणायचं असतं. त्याने टोपलीभर पेरू आणले होते. एकेक कापून, बिया काढून, त्याने टोपात सोडले. चाकू चांगला चालत होता. दोन्ही हात चांगले होते.

“आय, माझं चुकलं,” तो म्हणाला. “तुम्ही मला आशीर्वाद द्या.”

“चुकलं म्हणजे नक्की काय चुकलं, ते सांग ना. सगळे जमलेत.”

“आय, तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

तो हसला, खाली बघितलं आणि बस्त्यावांकडे वळला. बस्त्याव म्हणाले, “आनामारी, तू वाईन ओत.”

ओतली. निखाऱ्यांवर टोप शांत झाला होता. बरणीतून वाईन पडली तसा काढ्याचा रंग फिरला, आधी मातीचा, मग जांभळाचा. वास सुटला. अंगणात पेले वाजायला लागले. म्हातारे पुढे सरकले, पोरं क्रुसाच्या पायरीवर चढली. माझी सून लविना बँकेत नोकरीला, ती मुंबईच्या दोन मैत्रिणींना घेऊन आली होती. त्यांना सांगत होती, “याला पंच म्हणतात.” मी म्हटलं, “आम्ही काढा म्हणतो. पंच म्हणजे ते सदरेवाले, ते बघ, उभे आहेत.” मैत्रिणी हसल्या. बस्त्याव हसले नाहीत.

मी ओगराळं बुडवलं, फुंकर घातली, चाखलं. काढा असा लागला होता की मागच्या कुठल्या आगेराला लागला नव्हता. करमळाची आंबट धार, वर सुक्या केळ्याचा गोडवा, आणि घोट उतरल्यावर घशात लवंग.

“नाही लागलं,” मी म्हणाले.

पेले खाली आले. बस्त्याव म्हणाले, “काय कमी आहे?”

“गवती चहा. आणा कुणीतरी.”

चार पोरी वाडीत धावल्या. पाती आली, धुतली, टोपात पडली. मी झाकण ठेवलं. जसिंता मागून माझ्याकडे बघत होती, आता फळाकडे नाही. लहानपणापासून ती ह्या टोपाशी बसत आली होती, काढा लागला की तिला कळायचं.

ऊन माडांच्या कमरेला आलं. मी झाकण काढलं, चाखलं.

“नाही लागलं.”

“अगं बाय,” मागून म्हातारा पास्कोल ओरडला, “आता काय नाताळला पाजणार? माझं तोंड मुंबईच्या नळासारखं कोरडं पडलंय!”

“तोंड बंद ठेवा, ओल राहील.”

माणसं हसली, पण ते हसणं पातळ होतं. इस्कोलास गाठोडं या काखेतून त्या काखेत करत होती. ग्रेगर घड्याळ बघत होता. घंटेला फार वेळ राहिला नव्हता, आणि ते मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

मग आमचे हे आले. इनास. सकाळपासून माझ्यासमोर आले नव्हते. टोपाच्या पलीकडे उभे राहिले, वाकून निखारे सारखे करायला लागले. निखारे सारखेच होते.

“कशाला ताणतेस?” ते हळूच म्हणाले. “चांगला लागलाय. वासावरून कळतं मला.”

“तुम्हाला वासावरून बरंच कळतं.”

“पाजून टाक, आनामारी. एक घोट आहे. सगळं ठीक होतं मग.” आणि निखाऱ्याकडे बघत म्हणाले, “आपलं नाही का झालं?”

मी ओगराळं टोपाच्या काठावर ठेवलं.

“झालं?”

“झालंच ना. पोरं झाली, वाडी झाली. त्यानंतर मी कधी हात उचलला तुझ्यावर?”

नाही उचलला. खरं आहे ते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी मला विहिरीच्या दोराने मारलं होतं, ओल्या दोराने, कशावरून ते आता सांगण्यासारखंही नाही. मी माहेरी गेले. आगेराला मला आणून ह्याच अंगणात उभं केलं. टोपाशी माझी सासू होती, हेच ओगराळं तिच्या हातात. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं, बाई आहे, माझी पाठ तिने पाहिली आहे, तिनेच तर हळद लावली होती. तिने ओगराळं ओठांपर्यंत नेलं. ओठ कोरडे होते आणि कोरडेच राहिले. चाखलंच नाही. आणि म्हणाली, लागलं.

मी अर्धा पेला प्याले. कोमट होता, त्यांच्या मिशीचा वास होता त्याला. त्या दिवसापासून त्या दोराविषयी एक शब्द माझ्या तोंडून गेला नव्हता. नियमच तसा. मार एकदाच बसला होता. गप्प मात्र मी पोरं मोठी होऊन त्यांची लग्नं होईपर्यंत बसले होते.

“तुम्ही हात उचलला नाहीत, इनास,” मी म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांचं नाव मी पहिल्यांदा तोंडाने घेतलं. निखारे सारखे करणारा हात थांबला. “आणि मी तोंड उघडलं नाही. याला तुम्ही ठीक झालं म्हणता?”

 मागे पाटावर पपनसाची फोड खाली पडल्याचा आवाज आला. जसिंताने ऐकलं होतं. तिला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार?

“आनामारी!” बस्त्याव आता लांबूनच ओरडले. “घंटा व्हायला आली. चाख आणि म्हण.”

मी चाखलं. तोवर काढा कडवटपणाकडे झुकला होता, लवंग सुटायला लागली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “नाही लागलं.”

“काय कमी आहे एवढं?”

“कमी काही नाही. जास्त आहे. ग्रेगरचे पेरू जास्त आहेत. तेवढे काढा बाहेर, मग मी लागलं म्हणते.”

 ग्रेगर पहिल्यांदाच थोडा मोठ्याने बोलला, “हे काय बोलणं झालं?”

“शिजलेलं फळ बाहेर कसं काढणार?” बस्त्याव म्हणाले. “वेडी झालीस? ते विरघळलं त्यात!”

“तेच तर मी तुम्हाला विचारतेय, दादा. तुमच्या टोपातून चार पेरू परत निघत नाहीत. मग माझ्या पोरीच्या हाडात जे शिजलंय ते तुमच्या अर्ध्या पेल्याने कसं निघणार? काढून दाखवा. मी इथे उभी आहे. घंटा होऊ दे, रात्र होऊ दे, मी उभी आहे.”

इस्कोलास किंचाळली, “बघा! बघा, कशी बोलते! पोर हिनेच बिघडवली!”

“तुझ्या पोरात तर बिघडायचंही काही राहिलं नाही, इस्कोलास. तू गप्प बस.”

बस्त्यावांचा चेहरा टोपातल्या काढ्यासारखा झाला होता. सगळी आळी बघत होती, मुंबईच्या पाहुण्या बघत होत्या, आणि एक बाई त्यांना टोपाशी अडवून उभी होती. माणूस तिथे चुकतो. ते दोन पावलं पुढे आले, बोट माझ्या ओगराळ्याकडे केलं.

“तुझ्याने होत नसेल तर ते ओगराळं सोड! दे दुसऱ्या कुणाला! आळीचा टोप आहे, तुझ्या एकटीच्या जिभेवर चालायचा नाही. दे!”

“देऊ?”

“दे म्हटलं ना!”

“सगळ्यांनी ऐकलं,” मी म्हणाले. “बस्त्यावदादा दे म्हणाले.”

बायकांनी लविनाकडे बघितलं, कारण रीतीने ते सुनेचं होतं. लविनाने माझ्याकडे बघितलं. पोरगी शिकलेली आहे, पण तिला माणसं वाचता येतात. ती एक पाऊल मागे गेली आणि म्हणाली, “मला नको, आय. मला लवंग कुठली आणि मिरी कुठली, अजून कळत नाही.”

एक क्षण हात सोडेना. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण हात खरंच सोडेना. त्या पितळेवर माझ्या बोटांचे खळगे पडले होते. ते दिलं की मी अंगणातली कुणीही एक म्हातारी, पेला घेऊन रांगेत उभी राहणारी. मग मी वळले आणि ते जसिंतापुढे धरलं.

“ऊठ. घे.”

ती उठली. उजवा हात पुढे केला, मग मागे घेतला, डाव्याने मूठ धरली. वजनाने हात खाली गेला. उजवं वाकडं मनगट तिने खालून लावलं, तेव्हा ओगराळं सरळ झालं.

बस्त्यावांना कळायला थोडा वेळ लागला. त्यांच्याआधी म्हाताऱ्या पास्कोलला कळलं. तो हसायला लागला, असा की त्याला खोकला आला. “अरे बस्त्याव,” तो म्हणाला, “ओगराळ्याच्या बाईने उष्टं प्यायचं नसतं ना रे? तूच दिलंस की तिला!”

“हे चालायचं नाही,” ग्रेगर म्हणाला. “ती माझ्या घरची आहे.”

“ओगराळं ह्या घरचं आहे,” मी म्हणाले. “ज्या हातात ते, तो हात ह्या घरचा. ही रीत मी केलेली नाही. तुमच्या अर्ध्या पेल्याची रीत ज्यांनी केली त्यांनीच ही केली. एक पाळायची तर दुसरीही पाळा.”

त्याने बस्त्यावांकडे बघितलं. बस्त्याव क्रुसाकडे बघत होते. रीत मोडायची तर त्यांना स्वतःचा सगळ्या आळीसमोर बोललेला शब्द मोडावा लागणार होता, आणि त्या माणसाकडे शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं.

जसिंताने टोपात ओगराळं बुडवलं. ओठांना लावलं. मी बघत होते. ओठ ओले झाले. घोट गळ्याखाली उतरलेला मला दिसला. तिने कपाळाला आठी घातली, कारण काढा खरंच कडू झाला होता, मग मान वर केली.

“लागलं,” ती म्हणाली.

तिचा आवाज फार मोठा नव्हता. पण रांग लागली. आधी म्हातारे, मग बाकीचे. पितळ हलत होतं, काढा पेल्याबाहेर सांडत होता, तिच्या साडीवर जांभळे डाग पडत होते, आणि कुणी पेला मागे घेत नव्हतं. ग्रेगर निघून जाईल असं मला वाटलं. गेला नाही. तो रांगेत आला. रांगेतून आपण तिच्यासमोर उभे राहिलो की ती आपोआप पहिल्यासारखी होईल, असं त्याला वाटलं असावं. पेला पुढे करून तो हळू आवाजात म्हणाला, “जसू, आपण घरी बोलू.”

तिने ओगराळं भरलं. पेला काठोकाठ भरला, इतका की त्याला तो न सांडता हलवता येईना.

“हा पूर्ण आहे,” ती म्हणाली. “पूर्ण तुझा. यातला अर्धा कुणाचाच नाही.”

तेवढ्यात घंटा झाली. माणसांनी कपाळाशी, छातीशी बोटं नेऊन क्रूस काढला. ग्रेगर पेला धरून उभा राहिला, दोन्ही हात अडकलेले, क्रूस काढता येईना. मग त्याने पेला क्रुसाच्या पायरीवर ठेवला आणि अंगणाबाहेर गेला. इस्कोलास त्याच्या मागे, काखेत गाठोडं. दालचिनीची पुडी मात्र विसरली. ती मी उचलून आणली. चांगली होती, वापरली.

सगळ्यांचं झाल्यावर मी माझा पेला घेऊन रांगेच्या टोकाला उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जसिंताने भरला.  काढा जिभेला टोचत होता, फार वेळ ठेवला की लवंगेचं तसंच होतं. मी तो सगळा प्याले, मग दुसरा भरून घेतला.

इनास टोपापासून थोडे लांब उभे होते, एकटे. त्यांचा पेला अर्धा झाला होता. मी जवळून जाताना त्यांनी तो उरलेला अर्धा माझ्यापुढे धरला. सवयीने धरला, की आणखी कशाने, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. त्यांचे डोळे ओले होते, धूर होता तिथे.

मी माझा भरलेला पेला वर करून दाखवला.

“माझा आहे माझ्याकडे,” मी म्हणाले. “तुमचा तुम्ही संपवा.”

जसिंता अजून ह्याच घरात आहे, आणि आळीत टोप तिच्याच हातचा लागतो. लवंग अजून थोडी जास्त घालते, सांगून ऐकत नाही. त्या दोराविषयी मी तिला सगळं सांगितलं, एका दुपारी, ओसरीवर, इनास आत झोपलेले असताना. ते झोपलेले नव्हते. मला माहीत होतं.

आगेराला ते आता आपला पेला तळापर्यंत एकटे पितात. कडू असला तरी.